बोनस्टेल, चेस्ली

(१ जानेवारी १८८८–११ जून १९८६). अमेरिकन अवकाशचित्रकार. विज्ञानकथा-नियतकालिकांच्या मुखपृष्ठांमुळे आणि ग्रहोपग्रहांच्या काल्पनिक निसर्गदृश्यांमुळे त्याची ख्याती झाली. तथापि या क्षेत्रात तो उतरला तो वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर. त्यापूर्वी वास्तुआलेखक व चित्रपटांतील पार्श्वचित्रांचा कारागीर म्हणून त्याने जवळजवळ दोन पूर्ण व्यवसाय केले होते. त्याच्या अवकाशचित्रांचे गुण आणि त्यांतील एक मोठा दोष हे दोन्ही या आधीच्या व्यवसायांतून आलेले आहेत. म्हणून त्याच्या चरित्राचा हा पूर्वभाग केवळ उपचार म्हणून सांगून भागत नाही.

जन्म सॅन फ्रॅन्सिस्को येथे. १९०५ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, तो कॅलिफोर्नियातील मौंट हॅमिल्टनवर असलेल्या लिक वेधशाळेत गेला. तेथील ९१ सेंमी. व्यासाच्या मोठ्या दूरदर्शकातून त्याने चंद्र पाहिला आणि ३० सेंमी. व्यासाच्या लहान दूरदर्शकातून शनी. घरी परतल्यावर त्याने शनीचे चित्र काढले. पुढच्याच वर्षीच्या भूकंपानंतर शहरात जी आग लागली, तीत ते जळाले. त्यानंतर सुमारे चार दशके त्याने शनीचे चित्र लोकांसमोर आणले नाही, हे त्याच्या चरित्रातील एक नवलच म्हटले पाहिजे.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्याने वास्तुकलेचे शिक्षण घेण्यास प्रारंभ केला, परंतु पदवी न घेताच तिसऱ्या वर्षी तो बाहेर पडला. सॅन फ्रॅन्सिस्कोतील वास्तुविशारद विलिस पोक याच्याकडे व नंतर इतरत्र त्याने काम केले. त्याचे मुख्य काम आलेखनाचे होते. प्रत्यक्षात अजून उभी न राहिलेली इमारत उभी राहिल्यावर कशी दिसेल, याचे चित्र वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून तयार करावयाचे आणि ते धनकोंस व नगरपित्यांस दाखवावयाचे, असे या कामाचे स्वरूप असते. १९२० च्या दशकात काही काळ तो लंडनमध्ये होता व तेथील *इलस्ट्रेटेड लंडन न्यूज* या सचित्र साप्ताहिकासाठी चित्रे काढीत असे. ‘स्त्री-टेनर’ म्हणून नावाजलेली इंग्रज गायिका रूबी हेल्डर ही त्याची पत्नी. अमेरिकेस परतल्यावर त्याने वास्तुविशारद विल्यम व्हॅन ॲलन याच्या क्राइसलर इमारतीच्या (१९३०) बाह्यांगाच्या अभिकल्पात भाग घेतला. पुढे सॅन फ्रॅन्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचे प्रमुख अभियंता जोसेफ स्ट्राउस यांच्यासाठी त्याने चित्रमालिका तयार केली. हा पूल १९३३ ते १९३७ या काळात बांधण्यात आला. त्याचे बांधकाम कसकसे होईल, पाण्याखालचा पाया कसा घातला जाईल, हे अभियांत्रिकीची भाषा न जाणणाऱ्या नागरिकांस समजावे हा त्या चित्रांचा हेतू होता. जे अद्याप अस्तित्वात नाही ते मोजमापाने चितारून लोकांस त्याची खात्री पटवावयाची, ही त्याची खरी विद्या होय. पुढे त्याने पुलाऐवजी अवकाशयान व सॅन फ्रॅन्सिस्कोच्या खाडीऐवजी शनीचा उपग्रह घेतला. कामाची जात मात्र बदलली नाही.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस तो हॉलिवुडमध्ये आला. त्या काळी चित्रपटासाठी राजवाडा किंवा प्रार्थनामंदिर लागले, की त्याचा जमिनीलगतचा थोडाच भाग प्रत्यक्ष उभारीत. वरचे मजले, मनोरे, आकाश ही काचेवर वा फळीवर रंगवून छायाचित्रणाच्या वेळी किंवा नंतर खऱ्या दृश्याशी जोडीत. जोड कळला तर चित्रकाराचे काम फसले. ज्याची चित्रे लाखो लोक पाहतात, परंतु ती चित्रे आहेत हे कोणालाच कळता कामा नये, असा हा चमत्कारिक व्यवसाय. *द हंचबॅक ऑफ नोत्र दाम* (१९३९), *सिटिझन केन* (१९४१), *हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली* (१९४१), *द मॅग्निफिसंट ॲम्बरसन्स* (१९४२) इ. चित्रपटांसाठी त्याने असे काम केले. कॅमेऱ्याची जागा बदलली की चित्रातील प्रत्येक वस्तूचे सापेक्ष आकारमान कसे बदलते, हे येथे त्याच्या अंगवळणी पडले. याच काळात त्याला एक कल्पना सुचली : शनीच्या एका उपग्रहावरून दुसऱ्यावर जाणे म्हणजे कॅमेऱ्याची जागा बदलणेच होय.

या कल्पनेतून झालेली शनीची चित्रे *लाइफ* साप्ताहिकाच्या २९ मे १९४४ च्या अंकात प्रसिद्ध झाली. शनीच्या वेगवेगळ्या उपग्रहांवर उभे राहिलेल्या निरीक्षकास तो ग्रह कसा दिसेल, असा त्यांचा विषय होता. अशा विषयावरील चित्रे पूर्वीही होती. त्यांत ग्रह कितीही मोठा काढण्याची चित्रकारास मोकळीक असे. बोनस्टेलने ती मोकळीक स्वतःस दिली नाही. टायटन हा उपग्रह शनीपासून सुमारे १२ लाख किमी. अंतरावर असून शनीचा विषुववृत्तीय व्यास सुमारे १ लाख २० हजार किमी. आहे. यावरून टायटनवरून शनी आकाशात जेमतेम पावणेसहा अंशांचा कोन व्यापील. म्हणजे आपल्याला चंद्र दिसतो त्याच्या सुमारे अकरापट रुंद दिसेल. चित्राच्या चौकटीत आडवे ४० अंश सामावले आहेत असे धरल्यास ४० सेंमी. रुंद चित्रात शनीचे बिंब स्थूलमानाने पावणेसहा सेंमी. रुंद हवे; त्याहून मोठे काढणे ही लबाडी ठरेल. मिमास या जवळच्या उपग्रहावरून मात्र तेच बिंब सुमारे ३८ अंश व्यापते, म्हणजे त्याच चौकटीत ते कसेबसे मावते. टायटनची कक्षा शनीच्या कड्यांच्या पातळीत जवळजवळ पडत असल्याने तेथून कडी रुंद न दिसता रेषेसारखी दिसावयास हवीत. ज्या कड्यांमुळे शनीची शोभा, तीच पुसून टाकावयाची हा चित्रकाराच्या दृष्टीने तोट्याचा सौदा होता. बोनस्टेलने तो पतकरला.

टायटनवरील हे चित्र त्याच्या सर्व कृतींत अधिक प्रसिद्ध आहे आणि त्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. दोन्ही बाजूंस हिमाच्छादित कडे, मध्ये मोकळी जागा, वर गडद निळे आकाश आणि त्या मोकळ्या जागेत अधांतरी शनीची कोर. चित्र पाहून शनी प्रचंड असल्याचा प्रत्यय येतो. पण मोजपट्टी लावली तर बिंब लहानच आहे. हा प्रत्यय ग्रहाने दिलेला नसून पुढच्या कड्यांनी दिलेला आहे. कडे ही चौकटीतली दुसरी चौकट होते, पाहणाराची नजर तीतून आत ओढली जाते आणि समोरच्या वस्तूचे अंतर व आकार ही मनात आपोआप वाढतात. मंडपातून गाभाऱ्याकडे पाहताना मूर्ती असते त्याहून दूर आणि मोठी वाटते, तसाच हा प्रकार. येथे बोनस्टेलच्या कलेचे मर्म सापडते. त्याच्या चित्राचा वरचा अर्धा भाग, म्हणजे आकाश, गणिताने ठरतो. खालचा अर्धा, म्हणजे भूमी, कल्पनेने. प्रेक्षकाला सांगितले जाते की चित्र शास्त्रशुद्ध आहे, आणि आकाशापुरते ते खरेही असते. भूमी त्या सत्याच्या पुण्याईवर खपून जाते.

या कल्पनेतील भूमीच्या निर्मितीचे त्याचे तंत्रही सांगितले पाहिजे. माती किंवा तत्सम मऊ द्रव्याची लहान प्रतिकृती तो मेजावर तयार करी. तिच्यावर एका बाजूने प्रखर प्रकाश टाकून अगदी बारीक छिद्राच्या कॅमेऱ्याने, म्हणजे जवळचे व दूरचे सारखेच रेखीव यावे अशा रीतीने, तिचे छायाचित्र घेई. आणि त्या छायाचित्रावर तैलरंगांनी काम करी. कुंचल्याचा फटकारा कोठेही दिसू द्यावयाचा नाही हा चित्रपटातला जुना नियम त्याने येथेही पाळला. *इलस्ट्रेटेड लंडन न्यूज*मध्ये चित्रे देणारा इंग्रज ज्योतिषी स्क्रिव्हन बोल्टन प्लॅस्टरच्या प्रतिकृतींची छायाचित्रे वापरीत असे. बोनस्टेलने ही युक्ती त्याच्याकडून घेतली. तिचा वंश आणखी मागे जातो. वाफेच्या घणाबद्दल प्रसिद्ध असलेला स्कॉटिश अभियंता जेम्स नॅस्मिथ याने जेम्स कार्पेंटर याच्यासह १८७४ मध्ये चंद्रावरील ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही चंद्राच्या प्लॅस्टर-प्रतिकृतींची छायाचित्रे आहेत. त्या प्रतिकृतींतील पर्वत सुळक्यांसारखे तीक्ष्ण आहेत. म्हणजे युक्तीबरोबर एक चूकही वारसा म्हणून खाली आली. तिचा विचार पुढे केला आहे.

१९४४ नंतर त्याला मागणीची वाण पडली नाही. *अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन* या मासिकाचे त्याने काढलेले मुखपृष्ठ ऑक्टोबर १९४७ मध्ये आले. *द मॅगझिन ऑफ फँटसी अँड सायन्स फिक्शन*साठी तो डिसेंबर १९५० पासून मुखपृष्ठे काढू लागला. अमेरिकन विज्ञानकथा-मासिकांच्या मुखपृष्ठांची परंपरा १९२६ साली निघालेल्या *अमेझिंग स्टोरीज*पासून धरतात. तिचा आद्य चित्रकार फ्रँक आर. पॉल (१८८४–१९६३) हाही वास्तुकलेचेच शिक्षण घेतलेला होता, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. पॉलची नगरे आणि यंत्रे थक्क करतात, पण त्याचे आकाश भडक पिवळे वा तांबडे असू शकते आणि त्याखाली कीटकसदृश परग्रहवासी माणसांवर धावून येत असतात. बोनस्टेलच्या मुखपृष्ठांवर राक्षस नाहीत, किंकाळी फोडणारी तरुणी नाही, बहुधा कथाही नाही. खडक, सावली, तारे व कोपऱ्यात अंगुळभर उंचीची अवकाशपोशाखातील माणसे एवढ्यावर तो भागवतो. मासिकातील कथांशी या चित्रांचा पुष्कळदा काहीच संबंध नसे. कथाचित्रकार म्हणून मोजल्यास हे उणेपण ठरेल. विज्ञानकथेच्या वाचकाला मात्र त्यामुळे एक नवे शिस्तीचे आकाश मिळाले.

विली ले या जर्मन-अमेरिकन विज्ञानलेखकाच्या मजकुरासह त्याच्या चित्रांचा *द काँक्वेस्ट ऑफ स्पेस* हा ग्रंथ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला व त्यास १९५१ चे आंतरराष्ट्रीय अद्‌भुतिका-पारितोषिक ललितेतर ग्रंथांच्या विभागात मिळाले. जॉर्ज पाल या निर्मात्याच्या *डेस्टिनेशन मून* (१९५०) या चित्रपटासाठी बोनस्टेलने चंद्रभूमीचे विस्तीर्ण दृश्य तयार केले. पटकथालेखकांपैकी एक रॉबर्ट हाइनलाइन हा विज्ञानकथाकार होता. यान उतरण्यासाठी हारपॅलस हे विवर निवडण्यात आले. कारण ते चंद्राच्या बऱ्याच उत्तरेस असल्याने तेथून पृथ्वी क्षितिजाजवळ दिसते व कॅमेऱ्याच्या चौकटीत येऊ शकते. इतकी काळजी घेतल्यावर कलादिग्दर्शकाने चंद्राच्या जमिनीवर वाळलेल्या चिखलासारख्या भेगा पाडल्या. मंचावरील जागा आहे त्याहून खोल भासावी, यासाठी जवळच्या भेगा मोठ्या व दूरच्या लहान करण्याचा त्याचा हेतू होता. चिखल वाळण्यासाठी आधी पाणी लागते आणि चंद्रावर ते नाही, हा बोनस्टेलचा आक्षेप होता. भेगा राहिल्या. चित्रपटास दृक्‌परिणामांबद्दलचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. पालच्याच *द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स* (१९५३) या चित्रपटाच्या आरंभी ग्रहांची जी ओळख करून दिली आहे, तीही बोनस्टेलच्या चित्रांवरून.

त्याच्या कार्याचा सर्वांत प्रभावी भाग म्हणजे *कॉलियर्स* या साप्ताहिकातील लेखमाला होय. ही २२ मार्च १९५२ पासून ३० एप्रिल १९५४ पर्यंत अधूनमधून प्रसिद्ध होत होती. संपादन कॉर्नेलियस रायनचे. प्रमुख लेखक वेर्नर फोन ब्राउन. चित्रे बोनस्टेल, फ्रेड फ्रीमन व रॉल्फ क्लेप यांची. युद्धकाळात जर्मनीत व्ही-२ अग्निबाण तयार करणारा आणि १९४५ नंतर अमेरिकन सैन्याच्या सेवेत आलेला फोन ब्राउन आपल्या योजनांची मोजमापांसह रेखाटने बोनस्टेलकडे पाठवी, आणि बोनस्टेल त्यांतील न जुळणाऱ्या बाबी शोधून शंका विचारी. सुमारे ७५ मी. व्यासाचे, चाकाच्या आकाराचे व पृथ्वीपासून सुमारे १,७३० किमी. उंचीवरून दर दोन तासांनी एक प्रदक्षिणा करणारे अवकाशस्थानक. पंख असलेले त्रिखंडी यान. चंद्राकडे निघालेला ताफा. पुढे मंगळाची मोहीम, असा या मालेचा क्रम होता. त्यांतून *अक्रॉस द स्पेस फ्रंटियर* (१९५२), *काँक्वेस्ट ऑफ द मून* (१९५३) व *द एक्स्प्लोरेशन ऑफ मार्स* (१९५६) हे ग्रंथ निघाले.

अमेरिकेचा अवकाश कार्यक्रम या चित्रांमुळे सुरू झाला, असे भक्तिभावाने लिहिलेले आढळते. ते अतिशयोक्त आहे. सोव्हिएट रशियाने ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक सोडला नसता, तर अमेरिकेच्या काँग्रेसने १९५८ साली ‘नासा’ स्थापण्याची व तिच्यासाठी तिजोरी उघडण्याची घाई केली असती असे दिसत नाही. चित्रांनी केले ते एवढेच, पण ते थोडे नव्हे : पैसा मागण्याची वेळ आली तेव्हा काय विकत घ्यावयाचे आहे, हे सामान्य करदात्यास आधीच पाहून माहीत होते. गोल्डन गेटच्या बाबतीतही हेच घडले होते. याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. या चित्रांत अवकाशस्थानक हे शांततेचे प्रतीक म्हणून येत नाही. लेखांमध्ये त्याचा लष्करी उपयोग उघडपणे सांगितलेला आहे. याच *कॉलियर्स*च्या ५ ऑगस्ट १९५० च्या अंकाचे मुखपृष्ठ बोनस्टेलचेच होते, आणि विषय होता अमेरिकेवर पडलेला अणुबाँब : धुराच्या प्रचंड लोटाखाली जळणारे मॅनहॅटन. ज्या नगराची क्षितिजरेषा घडविण्यात त्याचा हात होता तेच त्याने त्याच निर्विकार अचूकपणे भाजून काढले. त्याच्या शैलीत भय आणि आशा यांसाठी वेगळे रंग नाहीत. हे त्याचे सामर्थ्य मानावे की उणीव, याविषयी टीकाकारांत मतभेद होऊ शकेल. प्रस्तुत लेखकास ती उणीव वाटते.

आता त्या तीक्ष्ण पर्वतांविषयी. बोनस्टेलचा चंद्र म्हणजे सुळके, कराल कडे, धारदार कंगोरे. या समजुतीस तर्काचा आधार होता : चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही, तेव्हा झीज नाही, तेव्हा पर्वत जसे निर्माण झाले तसेच तीक्ष्ण राहिले असले पाहिजेत. दूरदर्शकातून दिसणारे दृश्यही या समजुतीस पुष्टी देई. चंद्राच्या प्रकाशित व अप्रकाशित भागांच्या सीमेजवळ सूर्य क्षितिजालगत असतो. तो पाच अंश वर असताना एक किमी. उंचीच्या टेकडीची सावली अकरा किमी.हून अधिक लांब पडते, आणि लांब निमुळती सावली पाहून डोळा सुळक्याची कल्पना करतो. प्रत्यक्षात अब्जावधी वर्षे लहानमोठ्या उल्काकणांचा मारा होऊन चंद्राचे डोंगर गोलावले आहेत. लूना-९ या सोव्हिएट यानाने फेब्रुवारी १९६६ मध्ये चंद्रावर उतरून पाठविलेल्या पहिल्या छायाचित्रांपासून हे दिसू लागले आणि १९७१ मध्ये अपोलो-१५ चे अंतराळवीर हॅडली पर्वताच्या पायथ्याशी उतरले तेव्हा, चार किमी.हून अधिक उंचीचा तो पर्वत एखाद्या मातीच्या ढिगासारखा गुळगुळीत निघाला.

सर्वांचीच चूक होती, मग एकट्या बोनस्टेलला का दोष द्यावा, असे म्हणून हा प्रश्न मिटविण्याची प्रथा आहे. पण चूक सर्वांची नव्हती. ल्यूस्यँ र्‍यूदो (१८७४–१९४७) हा फ्रेंच ज्योतिषी व चित्रकार. त्याने चंद्रबिंबाच्या कडेकडे लक्ष दिले. कडेवरचे पर्वत सावलीत नव्हे, तर आकाशाच्या पार्श्वभूमीवर बाजूने दिसतात. आणि तेथे त्यांची रेषा मवाळ, उतरती अशी दिसते. त्यानुसार त्याने आपल्या चित्रांतील चंद्रपर्वत गोलसर काढले. त्याचा *स्युर ले झोत्र माँद* हा सचित्र ग्रंथ १९३७ मध्ये, म्हणजे *लाइफ*मधील चित्रांच्या सात वर्षे आधी, प्रसिद्ध झालेला आहे. पुरावा दर पौर्णिमेस आकाशात होता. आकाशातील कोनांच्या बाबतीत एक अंश इकडेतिकडे होऊ न देणाऱ्या बोनस्टेलने भूमीच्या बाबतीत तो पुरावा तपासून घेतला नाही. याचे कारण त्याच्या चित्ररचनेत आहे. र्‍यूदोचे डोंगर खरे, पण त्यांची चौकट होत नाही. शनीला किंवा पृथ्वीला उचलून धरावयास उभे कडेच लागतात. अल्बर्ट बीअरस्टाट, टॉमस मोरान इ. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन निसर्गचित्रकारांनी रॉकी पर्वत व यलोस्टोनचा प्रदेश जसा रंगविला, तसाच त्याने चंद्र रंगविला : पुढे अंधारलेले खडक, मागे उजळलेली भव्यता, आणि तळाशी हरवून जाईल असा माणूस. पश्चिमेकडील प्रदेश काबीज करण्यास निघालेल्या पिढीचे हे चित्रसूत्र होते. ग्रंथांच्या नावांतील ‘विजय’ व ‘सीमाप्रदेश’ हे शब्द त्याच कुळातले आहेत.

बॉस्टन येथील विज्ञान संग्रहालयाच्या तारांगणासाठी त्याने सुमारे १२ मी. लांब व ३ मी. उंच असे चंद्रभूमीचे भित्तिचित्र तयार केले व ते मार्च १९५७ मध्ये खुले झाले. त्याच्या आयुष्यातील हे सर्वांत मोठे अवकाशचित्र. १९७० मध्ये ते उतरविण्यात आले, कारण माणूस चंद्रावर जाऊन आला होता आणि चित्र चुकीचे ठरले होते. १९७६ साली ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय विमान व अवकाश संग्रहालयाकडे गेले. विज्ञान संग्रहालयाच्या दृष्टीने निर्णय बरोबर होता, हे मान्य केले पाहिजे. ज्या भिंतीवर मुले चंद्र शिकतात तेथे खोटा चंद्र असू नये. परंतु त्या निर्णयाने एक प्रश्न उघडा पडला. एखादे चित्र केवळ माहिती म्हणून टांगले असेल तर माहिती जुनी होताच ते उतरवावे लागते. कलाकृती म्हणून टांगले असते तर कोणी उतरविले नसते. बोनस्टेलने स्वतः जन्मभर पहिल्या प्रकारचाच दावा केला. आपली चित्रे सुंदर आहेत असे नव्हे, तर ती बरोबर आहेत असे तो सांगे. चंद्राविषयीची चूकही त्याने पुढे आडपडदा न ठेवता कबूल केली. अमूर्त चित्रकलेचा जोर असलेल्या त्या काळातील अमेरिकन कलासमीक्षेने त्याची दखल घेतली नाही, याचे एक कारण हा दावाही असावा.

इतर ग्रहांवरील चित्रांसही याच प्रसंगातून जावे लागले. मरिनर-४ ने १९६५ मध्ये मंगळाचे वातावरण अपेक्षेपेक्षा कितीतरी विरळ असल्याचे दाखविले. तेव्हा फोन ब्राउनची मंगळावर पंखांनी तरंगत उतरणारी याने आणि त्यांची बोनस्टेलने काढलेली देखणी चित्रे एकाच दिवशी कालबाह्य झाली. टायटनला वातावरण असल्याचे जेरार्ड कायपर याने १९४४ मध्येच जाहीर केले होते. बोनस्टेलचे निळे आकाश त्याच वर्षीचे. व्हॉयेजर-१ ने नोव्हेंबर १९८० मध्ये तेथे पोहोचून पाहिले तो उपग्रहाभोवती नारिंगी धुरकट आवरण, आणि तेही इतके दाट की पृष्ठभाग दिसेना. १४ जानेवारी २००५ रोजी हॉयगेन्स यान त्या आवरणातून खाली उतरले व त्याने गोलसर दगड पसरलेली सपाट भूमी दाखविली. टायटनच्या पृष्ठभागावरून माणसाच्या डोळ्यांना शनी दिसतच नाही. म्हणजे बोनस्टेलचे सर्वांत प्रसिद्ध चित्र हे कोणालाही कधीही दिसू न शकणाऱ्या दृश्याचे चित्र आहे. पावणेसहा अंश मात्र बरोबर आहेत.

येथे तुलना करावयाची तर ती आजच्या अवकाशछायाचित्रांशी करावी. हबल दूरदर्शकाने १९९५ मध्ये घेतलेले गरुड तेजोमेघातील वायुस्तंभांचे चित्र घेतले, तर त्यातील रंग वेगवेगळ्या गाळण्यांतून घेतलेल्या प्रतिमांस ठरवून दिलेले आहेत आणि स्तंभ उभे दिसावेत अशी दिशा निवडलेली आहे. अवकाशात वरखाली काही नसते. मोजलेली माहिती व पाहण्याची जुनी सवय यांची सांगड तेथेही आहे. फरक एवढाच, की बोनस्टेलला खालचा अर्धा भाग स्वतः तयार करावा लागला.

उत्तरायुष्यात तो कॅलिफोर्नियातील कार्मेल येथे राहिला व अखेरपर्यंत चित्रे काढीत होता. विली ले याच्यासह *बियाँड द सोलर सिस्टिम* (१९६४) व आर्थर सी. क्लार्कसह *बियाँड ज्युपिटर* (१९७२) हे त्याचे ग्रंथ या काळातील. चंद्रावरील छायाचित्रे आल्यानंतर तो दूरच्या ताऱ्यांकडे व बाह्य ग्रहांकडे वळला, हे साहजिक होते. तेथून अजून कोणी पुरावा आणलेला नव्हता. त्याच वेळी तो एका अगदी वेगळ्या विषयाकडेही परतला. कॅलिफोर्नियातील जुन्या स्पॅनिश मिशनांच्या वास्तू त्यांच्या भरभराटीच्या काळी कशा दिसत असतील, याची चित्रमालिका त्याने केली व ती *द गोल्डन एरा ऑफ द मिशन्स* (१९७४) या ग्रंथात प्रसिद्ध झाली. पडक्या भिंतींवरून पूर्ण इमारत उभी करण्याचे हे काम वास्तुआलेखकाचेच. फक्त भविष्याऐवजी भूतकाळ. विज्ञानकथेच्या अभ्यासकांनी या चित्रांकडे दुर्लक्ष केले आहे. त्यांतील ऊन मात्र त्याच्या कोणत्याही ग्रहावरील उन्हापेक्षा अधिक उबदार आहे.

१९७४ च्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात त्याला विशेष पारितोषिक देण्यात आले. विज्ञानकथा व अद्‌भुतिका चित्रकारांच्या अमेरिकन संघटनेने १९८५ साली सुरू केलेल्या पारितोषिकांस ‘चेस्ली’ हे नाव त्याच्यावरून दिले आहे. कार्मेल येथे वयाच्या ९९ व्या वर्षी त्याचे निधन झाले. ३१२९ क्रमांकाचा लघुग्रह आणि मंगळावरील एक विवर यांस त्याचे नाव आहे.